घरच्या लिनक्सवर नेट अडलंय? एरर काय म्हणतोय ते आधी वाचा

नेट गेलं की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला: राउटर बंद करा, जरा थांबा, चालू करा. बऱ्याचदा तो लागूही पडतो, म्हणून सवय सुटत नाही. पण विंडोज सोडून नुकतंच लिनक्स टाकलेल्या माणसाची पंचाईत वेगळी असते. स्क्रीनवर ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ किंवा ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ अशी एक कोरडी इंग्रजी ओळ येते आणि माणूस ती न वाचताच अख्खी सिस्टीम पुन्हा टाकायला बसतो. जुळे सोलापुरातली इंजिनिअरिंगची पोरं असोत की पूर्व भागात कारखान्याचा हिशेब जुन्या पीसीवर ठेवणारे, ओळखीतल्या बऱ्याच जणांची मशीन माझ्याकडे येतात. दुखणी वेगवेगळी असतात, पण एररची ओळ शेवटपर्यंत वाचलेली क्वचितच असते.

त्या ओळीमागे दर वेळी कोणीतरी बोलत असतो: तुमचं मशीन, घरातला राउटर, बाहेरचा ऑपरेटर, नाहीतर ज्याच्याशी बोलायचंय तो सर्व्हर. बोलणारा कोण हे कळलं की निम्मी शोधाशोध संपते. म्हणून खालच्या पायऱ्या जवळून लांब अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका. राउटरपर्यंतच पोचत नसताना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय) बदलत बसण्यात रात्री जातात.

कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत, लहान लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. स्पेलिंगची गफलत होईल असं वाटलं तिथे अक्षरं सुटी दिली आहेत. उदाहरणं उबुंटू, मिंट, डेबियन यांना धरून आहेत. फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच, पण वेगळी सिस्टीम) वापरणाऱ्यांसाठी फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

हाताशी काय हवं

- एक चांगली लॅन केबल. वायफाय संशयाबाहेर काढायला याहून स्वस्त साधन नाही.
- मोबाइल डेटा असलेला फोन आणि त्याची यूएसबी केबल. फोनचं यूएसबी टेदरिंग लिनक्सवर सहसा ड्रायव्हरशिवाय चालतं, त्यामुळे अडल्या वेळी पॅकेज उतरवता येतं.
- राउटर आणि ओएनटी (फायबर येते तो डबा) यांच्या मागच्या स्टिकरचे फोटो. राउटरचा पत्ता आणि लॉगिन तिथेच छापलेलं असतं.
- ग्राहक क्रमांक, कनेक्शनला जोडलेला मोबाइल नंबर, आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन नेट जोडायची पद्धत) असेल तर त्याचं युजरनेम.
- पीसी जुना असेल तर सीआर२०३२ हा बटण सेल. का, ते पायरी ८ मध्ये.

शिवाय नेट चालू आहे तोवरच एम-टी-आर, डिग, ट्रेसरूट आणि ईथटूल ही चार साधनं टाकून ठेवा. डिग हे डीएनएसयूटिल्स नावाच्या पॅकेजमध्ये येतं. नेट गेल्यावर त्यांची आठवण होते आणि तेव्हा ती उतरवता येत नाहीत.

१. संदेश पूर्ण उतरवून घ्या

ब्राउझरचं बोलणं गुळमुळीत असतं. ‘वी आर हॅविंग ट्रबल’ यावरून काही कळत नाही. टर्मिनल उघडा, तेच काम तिथे करून पाहा आणि आलेली ओळ आहे तशी वहीत लिहा किंवा फोटो काढा. कधीकधी ओळीत एक आकडाही येतो, तो सोडू नका. लिनक्सवर १०१ म्हणजे ‘नेटवर्क इज अनरीचेबल’, ११० म्हणजे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, १११ म्हणजे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, ११३ म्हणजे ‘नो रूट टू होस्ट’.

फ्रीबीएसडीवर हेच चार आकडे अनुक्रमे ५१, ६०, ६१ आणि ६५ असतात. म्हणजे नुसत्या आकड्यावरून शोध घेतलात तर दुसऱ्याच सिस्टीमचं औषध हाती येईल. शोधताना शब्द वापरा.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा: त्याच वायफायवर फोनचं नेट चालतंय का? मोबाइल डेटा बंद करून बघा, नाहीतर फोन गुपचूप सिमवर जातो आणि आपण फसतो. फोनही अडला असेल तर लिनक्सला हात लावू नका, सरळ पुढची पायरी आणि मग पायरी ५.

२. दिवे आणि वायर

ओएनटीवर ‘पॉन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा आणि स्थिर हवा. एलओएस लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. अशा वेळी तुमच्या मशीनवर कुठलाही एरर आला तरी त्याचं कारण बाहेर आहे, ऑपरेटरला फोन करा. फायबरची बारीक पिवळी वायर खिडकीच्या फटीत चेपलेली किंवा खिळ्याभोवती करकचून गुंडाळलेली नाही ना, एवढं मात्र पाहा. तिला काटकोनात वाकवलं की सिग्नल गळतो. टोक उपसून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना चांगला नसतो.

लाइटचा प्रश्न आपल्याकडे वेगळा छळतो. घराला इन्व्हर्टर असतो, पण ओएनटी एका प्लगवर आणि राउटर दुसऱ्यावर, आणि इन्व्हर्टरची लाइन दोघांपैकी एकालाच. लाइट गेली की वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि नेट शून्य. दोन्ही डबे एकाच लाइनवर घ्या. आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून जातो तेव्हा राउटर टीव्हीच्या बंद शोकेसमध्ये कोंडू नका. दुपारी दोनला नेट तुटतं आणि रात्री आपोआप सुधारतं, अशी तक्रार आली की मी आधी राउटर कुठे ठेवलाय ते विचारतो.

सापळा: डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घालून ‘रिसेट’ करू नका. तो रिस्टार्ट नव्हे. त्याने ऑपरेटरने भरलेली पीपीपीओई आणि व्हीलॅनची माहिती पुसली जाते. मग माणूस घरी येईपर्यंत वाट बघत बसायचं.

आता मशीनकडे वळू. ‘आयपी लिंक’ टाइप करा. ‘एलओ’ हा मशीनचा स्वतःशी बोलण्याचा मार्ग, तो सोडून द्या. त्याखाली ई-एन-पी-३-एस-० सारखं नाव लॅनचं आणि डब्ल्यू-एल-पी-२-एस-० सारखं वायफायचं. जुन्या माहितीपत्रकांत ‘ईटीएच०’ लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनवर ते नाव नसेल तर ‘डिव्हाइस डझ नॉट एक्झिस्ट’ असा एरर येतो आणि माणसाला वाटतं कार्डच जळालं. नाव आपल्या मशीनवरचं वापरा. ‘आयएफकॉन्फिग’ला ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तरी घाबरायचं नाही. नव्या लिनक्सवर ते सोबत येत नाही, त्याची जागा ‘आयपी’ने घेतली. फ्रीबीएसडीवर मात्र आयएफकॉन्फिगच चालतं.

लॅनच्या ओळीत ‘नो-कॅरियर’ दिसलं तर वायर नीट बसलेली नाही, तुटलेली आहे किंवा पलीकडचा डबा बंद आहे. ‘लोअर_अप’ दिसलं तर वायर जिवंत. वायर जिवंत असूनही नेट रखडत असेल तर ‘सुडो ईथटूल’ आणि पुढे लॅनचं नाव टाका (‘सुडो’ म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, पासवर्ड विचारेल). ‘स्पीड’ समोर १००० ऐवजी १०० आला तर केबल बघा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच. एक तार तुटली की लिंक मुकाट्याने १०० वर उतरते आणि आपण दर महिन्याला दीडशे एमबीपीएसच्या प्लॅनचे पैसे भरत राहतो.

वायफाय मुळात दिसतच नसेल तर ‘आर-एफ-किल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘सुडो आर-एफ-किल अनब्लॉक वायफाय’. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचा स्विच किंवा फंक्शन बटण शोधा, कमांडने ते सुटत नाही. दोन्ही ठीक असतील तर ‘सुडो डी-मेसेज’ (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) मध्ये ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. ‘फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ म्हणजे कार्ड सापडलं, पण त्याची फाइल डिस्कवर नाही. फोनचं यूएसबी टेदरिंग इथे कामाला येतं.

पासवर्ड चुकला की नेटवर्कमॅनेजर (लिनक्समध्ये नेटची जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) ‘सीक्रेट्स वेअर रिक्वायर्ड, बट नॉट प्रोव्हायडेड’ असं लांबलचक बोलतो. साधा अर्थ एवढाच: वायफायचा पासवर्ड पुन्हा टाका.

३. मशीनला पत्ता मिळाला का

‘आयपी ए’ टाइप करा आणि ‘आयनेट’ या शब्दापुढचा आकडा पाहा. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिला. हे खासगी पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये ठरले. तिसरा गट १७२.१६ ते १७२.३१ चा आहे, तो घरी क्वचित दिसतो.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे मशीनने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला. काहीच पत्ता नसणं आणि हा पत्ता असणं, दोन्ही सारखंच. वायफायवर असाल तर लॅन केबल लावून बघा. केबलवर पत्ता मिळाला तर दोष वायफायचा. केबलवरही नाही मिळाला तर राउटरमध्ये शिरून डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) चालू आहे ना ते पाहा. घरात एकाऐवजी दोन राउटर झाले आणि दोघेही पत्ते वाटू लागले की होणारा गोंधळ तर विचारूच नका. वरच्या मजल्यासाठी जुना राउटर लावला असेल तर त्याची डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला.

नव्याने पत्ता मागायला राउटर रिस्टार्ट करायची गरज नाही. ‘एन-एम-सी-एल-आय कॉन डाउन’ आणि पुढे कनेक्शनचं नाव, मग तीच कमांड ‘डाउन’च्या जागी ‘अप’ घालून. नावात स्पेस असेल तर अवतरणात लिहा.

४. राउटरपर्यंत पोचतंय का

‘आयपी रूट’ टाइप करा. ‘डिफॉल्ट व्हाया’ च्या पुढे जो पत्ता, तो तुमचा राउटर. समजा १९२.१६८.१.१ आहे. मग:

पिंग -सी ४ १९२.१६८.१.१

पिंग हा छोटा प्रोग्राम माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत लिहिला. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून नाव दिलं, आणि चाळीस वर्षांनंतरही नेट दुरुस्तीची सुरुवात त्यानेच होते. चार उत्तरं आली, प्रत्येकी दोन-चार मिलिसेकंदांत, तर इथपर्यंत सगळं ठीक. उत्तरं येतात पण मधली काही गळतात, किंवा वेळ कधी ३ तर कधी ४०० होतो, तर वायफाय कमजोर आहे. दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ दम तोडतो, २.४ तग धरतो. दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यात राहत असाल तर केबल ओढणं हाच खरा उपाय.

आता नीट वाचण्याची एक ओळ:

फ्रॉम १९२.१६८.१.२३ डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल

‘फ्रॉम’ च्या पुढचा पत्ता कोणाचा आहे? पायरी ३ मध्ये पाहिलेला तुमचाच असेल, तर हे तुमचंच मशीन बोलतंय: ‘मी गल्लीत हाक मारली, त्या पत्त्याचा कुणी ओ देत नाही.’ म्हणजे ज्याला पिंग केलं ते यंत्र बंद आहे, त्याचा पत्ता बदललाय किंवा मधली वायर गेली. पण ‘फ्रॉम’ पुढे राउटरचा पत्ता असेल आणि ‘डेस्टिनेशन नेट अनरीचेबल’ लिहिलं असेल, तर घरातलं सगळं ठीक आहे आणि राउटर सांगतोय की पुढे जायला त्याच्याकडेच वाट नाही. शब्द जवळपास तेच, दुखणं मात्र दोन टोकांना. या एका शब्दाकडे न बघितल्याने जेवढा वेळ वाया जातो तेवढा दुसऱ्या कशाने जात नाही.

खात्री करायची तर ‘आयपी नेबर’ (स्पेलिंग एन-ई-आय-जी-एच, एवढंच). राउटरच्या पत्त्यासमोर ‘रीचेबल’ किंवा ‘स्टेल’ असेल तर बरं, ‘फेल्ड’ किंवा ‘इनकम्प्लीट’ असेल तर ओळखच झालेली नाही. घरातलीच दोन यंत्रं एकमेकांना दिसत नसतील आणि दोघांचंही नेट चालत असेल, तर एखादं ‘गेस्ट’ वायफायवर आहे का बघा. गेस्टवरच्या यंत्रांना घरातलं बाकी काही दिसू नये अशीच ती सोय असते.

पिंगने ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हटलं तर बाहेर शोधू नका. तुमच्याच मशीनच्या फायरवॉलने पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) दारातच अडवलंय.

५. घराबाहेर पडतंय का

पिंग -सी ४ १.१.१.१

नावाऐवजी आकडा मुद्दाम वापरायचा, म्हणजे डीएनएसचा प्रश्न यात मिसळत नाही. ८.८.८.८ हाही चालेल.

‘नेटवर्क इज अनरीचेबल’ आलं तर पॅकेट घराबाहेर गेलेलंच नाही. मशीनला वाटच माहीत नाही: ‘आयपी रूट’ मध्ये ‘डिफॉल्ट’ ची ओळच नसते. हाताने पत्ता भरताना गेटवेचा (म्हणजे राउटरच्या पत्त्याचा) रकाना रिकामा सोडला की हेच होतं. रकाना भरा, कनेक्शन डाउन-अप करा.

‘डिफॉल्ट’ च्या दोन ओळी दिसल्या तर आणखी गंमत. दुकानात किंवा कारखान्याच्या ऑफिसात हे हमखास: वायफायवर नेट, आणि लॅनची वायर सीसीटीव्हीसाठी लावलेल्या एखाद्या जुन्या राउटरला. ओळीच्या शेवटी ‘मेट्रिक’ असतो, लहान आकड्याची वाट आधी. नेटवर्कमॅनेजर लॅनला १०० देतो आणि वायफायला ६००, म्हणून सगळी रहदारी नेट नसलेल्या वायरीकडे जाते. लॅनसमोर २०१०० दिसला तर नेटवर्कमॅनेजरने स्वतःच ओळखलंय की त्या वाटेला नेट नाही, पण सगळ्या वितरणांत ही तपासणी चालू नसते. उपाय: लॅन कनेक्शनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली ‘यूज धिस कनेक्शन ओन्ली फॉर रिसोर्सेस ऑन इट्स नेटवर्क’ वर टिक करा. सीसीटीव्ही दिसत राहील, नेट वायफायवरून जाईल.

नवख्यांना घाबरवणारा एक प्रकार ‘एपीटी’ चा. पॅकेज उतरवताना ओळींमागून ओळी येतात, कोलनने तोडलेले लांबलचक पत्ते आणि शेवटी १०१, ‘नेटवर्क इज अनरीचेबल’. ते पत्ते आयपीव्ही६ चे आहेत. तुमच्या कनेक्शनला आयपीव्ही६ नसेल तर ते अडणारच. खरा दोष त्याच यादीतल्या साध्या, टिंबांच्या पत्त्यासमोर काय लिहिलंय त्यात आहे. तो आधी वाचा.

काहीच उत्तर न येता ‘१०० टक्के पॅकेट लॉस’ आलं, राउटरपर्यंत मात्र पिंग लागतोय: आता संशय ऑपरेटरवर. पण फोन फिरवण्याआधी प्लॅन संपला नाही ना ते बघा. हसू नका, रिचार्ज संपल्यावर लोक ड्रायव्हर बदलतात.

कुठे अडतंय हे पाहायला ‘एम-टी-आर १.१.१.१’. वाटेतले टप्पे दाखवायचं ट्रेसरूटचंच काम हे सतत करत राहतं. मधल्या एखाद्या टप्प्यावर तारे किंवा नुकसान दिसलं आणि शेवटचा टप्पा स्वच्छ असला, तर काही बिघडलेलं नाही. मधले राउटर अशा चौकशांना उत्तर देणं टाळतात. नुकसान एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकलं तरच ते खरं.

६. नाव सापडतंय का

१.१.१.१ ला पिंग लागतो पण साइट उघडत नाही, तर डीएनएस. इथले दोन एरर लोक एकच समजतात.

‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’: नाव विचारलं, पण ज्याला विचारलं त्याने उत्तरच दिलं नाही. डीएनएस सर्व्हर बंद, पत्ता चुकीचा किंवा वाट बंद.

‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’: उत्तर आलं, आणि ते ‘असं नाव नाही’ असं आहे. सर्व्हर ठणठणीत आहे, बहुतेक तुम्ही नाव चुकीचं टाइप केलंय. इथे डीएनएस बदलून काही होणार नाही.

पारख करायला ‘डिग’ आणि पुढे साइटचं नाव, मग तेच पुन्हा, पण नावाआधी ‘ॲट १.१.१.१’ घालून (ॲट म्हणजे ईमेलमधलं चिन्ह, मध्ये स्पेस नको). दुसरं चाललं आणि पहिलं नाही, तर राउटरने किंवा ऑपरेटरने दिलेला डीएनएस आजारी आहे. सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करा आणि १.१.१.१, ८.८.८.८ असे दोन आकडे भरा.

सापळा: ईटीसी फोल्डरमधली ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ फाइल हाताने बदलायचा सल्ला जागोजागी मिळतो. बदल करता, नेट चालू होतं, आणि रिस्टार्ट केल्यावर पुन्हा जैसे थे. ती फाइल आता दुसराच प्रोग्राम लिहितो. उघडून बघाल तर आत बहुधा १२७.०.०.५३ दिसेल. तो तुमच्याच मशीनमधला मध्यस्थ आहे, व्हायरस नव्हे. खरा डीएनएस कोणता ते ‘रिझॉल्व्ह-सी-टी-एल स्टेटस’ सांगतो.

एकच साइट अडते आणि बाकी सगळं चालतं, असं असेल तर ईटीसीमधली ‘होस्ट्स’ फाइल बघा. जाहिराती बंद करायला कुणीतरी कधीतरी त्यात यादी चिकटवलेली असते.

७. रिफ्यूज्ड, टाइम्ड आउट, नो रूट

हे तीन घरातल्या दुसऱ्या मशीनला एसएसएचने (दुरून त्याचं टर्मिनल वापरायची सोय) किंवा डेटाबेसला जोडताना भेटतात. फोनवर समोरच्याने उचलून ‘नाही बोलायचं’ म्हणणं आणि रिंग नुसतीच वाजत राहणं, एवढा पहिल्या दोघांत फरक आहे.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ ही बऱ्यापैकी चांगली बातमी आहे. समोरचं मशीन चालू आहे, वाट बरोबर आहे, फक्त त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कुणी बसलेलं नाही. उबुंटू डेस्कटॉपवर एसएसएच सर्व्हर आधीपासून नसतो, ओपनएसएसएच-सर्व्हर टाकावा लागतो. टाकलेला असेल तर त्या मशीनवर जाऊन ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ पाहा. पोर्टच्या आधी ०.०.०.० असेल तर तो सगळ्यांसाठी उघडा आहे. १२७.०.०.१ असेल तर प्रोग्राम फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकतोय. मारियाडीबी, पोस्टग्रेस हे डेटाबेस मुळातच असे लावलेले असतात, आणि ते योग्यच आहे.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’: कुणीच काही बोललं नाही. मशीन बंद, पत्ता चुकीचा, नाहीतर फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतोय. ‘सुडो यू-एफ-डब्ल्यू स्टेटस’ (यू-एफ-डब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल) बघा आणि हवं ते एकच पोर्ट उघडा. तपासण्यासाठी फायरवॉल पूर्ण बंद केलात तर पुन्हा चालू करायची आठवण वहीत लिहा.

बाहेरगावाहून घरच्या मशीनला जोडताना टाइम आउट येत असेल तर राउटरमध्ये शिरून ‘वॅन’ चा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यात असेल तर ऑपरेटरने अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवली आहेत. २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने हा पट्टा खास त्यासाठी राखला. मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरून कुणी आत येणार नाही. ऑपरेटरकडून स्थिर सार्वजनिक आयपी घ्या किंवा वायरगार्डसारखा व्हीपीएनचा मार्ग धरा.

‘नो रूट टू होस्ट’ हा तिघांत दिशाभूल करणारा. नाव वाटेचं, पण घरच्या नेटवर्कवर वाट सहसा असते. एकतर ते मशीन बंद असतं, नाहीतर त्याची फायरवॉल ‘मनाई’ असं उलट टपाली कळवते. फेडोरावर हे नेहमीचं.

एसएसएचने मोठ्या अक्षरांत ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ असा फलक दाखवला, तर घरी बहुधा कारण साधं असतं: समोर लिनक्स नव्याने टाकलंय किंवा राउटरने तो पत्ता दुसऱ्या मशीनला दिलाय. तसंच आहे याची खात्री करून मगच जुनी किल्ली ‘एसएसएच-कीजेन -आर’ (आर कॅपिटल) आणि पुढे पत्ता देऊन काढा. बाहेरच्या सर्व्हरबाबत हा फलक आला तर थांबा, तिथल्या माणसाला विचारा.

८. घड्याळ

साइट ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ म्हणते, एपीटी ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ म्हणतं. नेटला काही झालेलं नाही, मशीनची तारीख मागे पडलीय. जुन्या पीसीतला बटण सेल मेला की लाइट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. ‘टाइम-डेट-सी-टी-एल’ ने तारीख पाहा, दुरुस्त करा, सेल बदला. रास्पबेरी पायच्या ५ च्या आधीच्या मॉडेलांत तर घड्याळाचा चिपच नाही, ते वेळ नेटवरूनच घेतात.

९. अर्धंच चालणारं नेट

काही साइट उघडतात, काही फिरत राहतात. एसएसएच जोडतं आणि पहिल्या मोठ्या यादीला गोठतं. पिंग मात्र झकास. इथे एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) संशय घ्या:

पिंग -एम डू -एस १४७२ १.१.१.१

(एम कॅपिटल, ‘डू’ म्हणजे डी-ओ.) १४७२ अधिक २८ बाइट्सचं हेडर म्हणजे १५००. पीपीपीओई त्यातले ८ बाइट खातं, म्हणून तिथे १४६४ चालतं आणि १४७२ ला ‘मेसेज टू लाँग’ येतं किंवा उत्तरच येत नाही. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ करा. तिथे हात घालता येत नसेल तर ‘सुडो आयपी लिंक सेट डेव्ह’, पायरी २ मधलं लॅन किंवा वायफायचं नाव, ‘एमटीयू १४९२’. हा बदल रिस्टार्टनंतर जातो, म्हणून आधी फरक पडतोय का ते बघा, मग सेटिंगमध्ये कायम करा.

१०. ऑपरेटरशी बोलताना

लाइनमन येतो आणि म्हणतो, “मालक, आमच्याकडनं सिग्नल ओके हाय, तुमच्या कॉम्प्युटरमध्येच काय तरी हाय.” त्यात ‘लिनक्स’ हा शब्द तुम्ही उच्चारलात की संपलं, तेच कारण ठरतं. तो शब्द काढूच नका. त्याऐवजी हे सांगा, याच क्रमाने:

“एलओएस बंद आहे, पॉन हिरवा आहे. राउटरला पिंग लागतोय, एकही पॅकेट गळत नाही. १.१.१.१ ला लागत नाही. फोनवरही तेच, केबलवरही तेच. सकाळी साडेनऊपासून. प्लॅन चालू आहे.”

पिंगचा स्क्रीनशॉट आणि दिव्यांचा फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका. सिग्नल ओके म्हणतोय तर ओएनटीवर येणारा प्रकाश किती डीबीएम ते विचारा. नेहमीच्या जीपॉन ओएनटीला तो उणे ८ ते उणे २७ च्या मध्ये लागतो. उणे २६-२७ असेल तर लाइन काठावर आहे, पावसात किंवा जोडावर ताण आला की तुटणार. हा आकडा विचारला की समोरचा माणूस सहसा मीटर काढतो.

तोंडी तक्रारीवर विसंबू नका. कस्टमर केअरला फोन करून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांनुसार तो देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि तक्रार न सोडवताच बंद केली तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं. त्यासाठी पैसे पडत नाहीत. अपिलात वर लिहिलेली तीच वाक्यं, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट जोडा.